पुस्तक मिटले की खरा अभ्यास सुरू होतो

दहावीची परीक्षा जवळ आली की घरोघरी तासांचा हिशेब सुरू होतो. पण मूल किती तास बसले यापेक्षा पुस्तक बंद केल्यावर त्याला काय सांगता येते, हे जास्त महत्त्वाचे आहे. उरलेल्या दिवसांत अभ्यासाची ही सवय कशी लावून घ्यावी?

दिवाळीची सुटी संपते, सहामाहीचे पेपर हाती येतात आणि ज्या घरात दहावीचे मूल आहे त्या घराचा रंगच पालटतो. 'यंदा आमच्याकडे दहावी आहे' असे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवले जाते. टीव्हीचा आवाज कमी होतो, मोबाइल कपाटात जातो, लग्नकार्याला आई एकटीच जाऊन येते. शेजारच्या काकू चौकशी करतात, 'किती तास बसतो हो अभ्यासाला?' आई अभिमानाने सांगते, 'रात्री बारापर्यंत उठत नाही जागचा!'

आणि तरीही पूर्वपरीक्षेत नेमके व्हायचे तेच होते. प्रश्न ओळखीचा वाटतो. धडा कोणता, तेही आठवते. उजव्या पानावर वरच्या कोपऱ्यात आकृती होती, हेसुद्धा डोळ्यांसमोर येते. पण उत्तर काही सुचत नाही. घरी आल्यावर मूल रडवेले होऊन म्हणते, 'सगळे वाचले होते, पण ऐन वेळी आठवलेच नाही.' वडील म्हणतात, 'लक्ष नव्हते तुझे.' आणि मूल मनातल्या मनात म्हणते, 'माझ्या डोक्यात काही राहतच नाही.'

यातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक आहे. एकदा ते मनात रुजले की मूल प्रयत्न सोडून देते किंवा घाबरून आणखी दोन तास वाचत बसते. दोन्हींचा शेवट सारखाच. खरे म्हणजे बहुतेक वेळा खोट मुलाच्या बुद्धीत नसते, अभ्यासाच्या पद्धतीत असते. आणि पद्धत बदलता येते.

ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे

आपण ज्या जिन्याने रोज चढतो, त्याला पायऱ्या किती? हजार वेळा चढलेला जिना असतो, तरी सहसा कोणाला सांगता येत नाही. वारंवार पाहिल्याने गोष्ट ओळखीची होते, पण ती आठवेलच असे नाही.

धडा पुनःपुन्हा वाचताना असेच होते. तिसऱ्या वेळी वाचताना सगळे सोपे, सरळ वाटू लागते. 'हे तर मला येते' असे वाटून पान उलटले जाते. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसते. तिथे ओळखायचे नसते, कोऱ्या पानावर आठवून लिहायचे असते. ज्या गोष्टीचा सराव वर्षभरात एकदाही केला नाही, तीच नेमकी तीन तासांत करून दाखवायची असते! पोहण्याचे पुस्तक वाचून विहिरीत उडी मारण्यासारखाच हा प्रकार.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा पडताळा घेतला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदाच वाचला आणि मग न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारेच पुढे होते. त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. पण आठवड्यानंतर चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्केच उरले होते, तर एकदा वाचून एकदा आठवणाऱ्यांकडे ५६ टक्के.

म्हणजे पुन्हा वाचल्याने त्या रात्रीपुरते समाधान मिळते, आठवण्याच्या सरावाने ज्ञान टिकते. पाठांतर म्हणजे मेंदूत माल भरून ठेवणे, अशी आपली समजूत असते. पण भरणे निम्मेच काम आहे. बाहेर काढण्याची वाटही मळलेली हवी, आणि ती मळते फक्त वापराने.

आपल्याकडच्या जुन्या घरांतून ही रीत होतीच. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला की मुलांना ओळीने बसवून परवचा म्हणून घेत. पाढे, पावकी, निमकी. समोर ना पाटी, ना पुस्तक. जो अडखळला, त्याला तेवढेच पुन्हा म्हणावे लागे. त्यात समजून घेण्याचा भाग कमी होता, हे खरे. पण न पाहता रोज आठवायचे, ही त्यातली गोष्ट मोलाची होती. आज गरज आहे ती समजून वाचलेल्या धड्याच्या परवच्याची.

कोरा कागद आणि लाल पेन

यासाठी लागणारे साहित्य म्हणजे पाठकोरे कागद, एक निळे पेन आणि एक लाल. रीत अशी :

• धड्यातला एक मुद्दा घ्या. पंधरा-वीस मिनिटांत समजून वाचून होईल एवढाच.
• पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते सारे निळ्या पेनाने लिहा. आठवत नसेल तरी लगेच पुस्तक उघडू नका. दोन मिनिटे डोके खाजवा. ही धडपडच स्मरणशक्तीचा व्यायाम आहे.
• आता पुस्तक उघडा. जे राहिले किंवा चुकले ते लाल पेनाने भरा.
• उद्या अभ्यासाला बसताना पहिली पाच मिनिटे कालच्या लाल मजकुराला द्या. निळ्याला नको, ते तुम्हाला येतेच.

पहिले काही दिवस कागद लालच लाल दिसेल. घाबरू नका. परीक्षेत जे निसटले असते, ते आज घरीच सापडले, असा त्याचा अर्थ आहे. आठवड्याभरात निळे वाढताना दिसेल, आणि 'डोक्यात राहत नाही' ही भीती आपोआप मागे पडेल.

प्रत्येक विषयाला ही रीत थोडी वेगळी लावावी लागते. भूमितीत पायथागोरसचे प्रमेय दहादा वाचण्यापेक्षा एकदा न पाहता आकृती काढा आणि पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने मांडा. कोणत्या पायरीला पेन थबकले तिथे खूण करा. विज्ञानात बहिर्गोल भिंगाच्या किरणाकृती पुस्तक मिटून काढा आणि प्रत्येकीखाली प्रतिमा कशी व कुठे मिळते, ते एका ओळीत लिहा. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. कागदाला मधोमध घडी घाला, एकीकडे भारत, दुसरीकडे ब्राझील लिहा आणि हवामान, वनस्पती, लोकसंख्या असे मुद्दे आठवून दोन्ही बाजू भरा. इतिहासात धडा वाचून झाला की आपणच पाच प्रश्न काढा आणि तीन दिवसांनी त्यांची उत्तरे लिहा.

भाषा विषय शेवटपर्यंत बाजूला पडतात, कारण 'मराठी काय, येतेच!' असे वाटते. पण पत्रलेखन, सारांश, निबंध हे वाचून येत नाहीत. आठवड्यातून एक तरी घड्याळ लावून लिहाच.

उत्तर पाहून गणित सुटत नाही

गणितात स्वतःची फसवणूक फार सहज होते. मार्गदर्शकातले सोडवलेले उदाहरण डोळ्यांखालून घातले की वाटते, 'हो, बरोबर आहे, असेच करायचे.' ते उदाहरण मार्गदर्शकाने सोडवलेले असते, आपण नव्हे. उत्तर झाका, स्वतः सोडवा, मगच ताडून पाहा.

दुसरी सवय एकाच प्रकारची पंधरा उदाहरणे ओळीने सोडवण्याची. वर्गसमीकरणाचा सरावसंच काढला की सूत्र कोणते लावायचे हे आधीच ठाऊक असते. परीक्षेत मात्र आधी हेच ठरवावे लागते की हे उदाहरण वर्गसमीकरणाचे, अंकगणिती श्रेढीचे की दोन चलांतील समीकरणांचे! रोरर आणि टेलर यांनी २००७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळे काढायला दिली. एकेक प्रकार ओळीने सोडवणाऱ्यांना सरावाच्या वेळी ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, तर मिसळून सोडवणाऱ्यांना ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर होते.

तेव्हा प्रकरण एकदा समजले की रोज पाच वेगवेगळ्या प्रकरणांतील प्रत्येकी एक उदाहरण घ्या. चिठ्ठ्या टाकून उदाहरणे निवडली तर उत्तमच. सुरुवातीला जड जाईल. जड जाते म्हणूनच त्याचा उपयोग होतो.

विसरण्याच्या आधी गाठा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरे पाठ करून ती किती टिकतात, हे त्याने स्वतःवरच अजमावले. त्याच्या मोजमापात तासाभरानंतर निम्म्याहून कमी आणि एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश उरले होते. अर्थपूर्ण धडा यापेक्षा जास्त टिकतो, हे उघड आहे. पण विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हा नियम सर्वांनाच लागू पडतो. मात्र प्रत्येक उजळणीनंतर हा वेग कमी कमी होत जातो.

म्हणून एका धड्यावर रविवारी सलग चार तास घालवण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत विभागणे फायद्याचे. भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग करा. आज जो धडा झाला त्याचे नाव उद्याच्या, त्यानंतर तीन-चार दिवसांच्या, मग आठवड्याच्या आणि शेवटी तीन आठवड्यांच्या चौकटीत लिहून ठेवा. नेमके दिवस महत्त्वाचे नाहीत, मध्ये अंतर पडणे महत्त्वाचे. आणि त्या दिवशी धडा पुन्हा वाचायचा नाही, कोरा कागदच घ्यायचा. पहिल्यांदा लागलेला अर्धा तास तिसऱ्या वेळी दहा मिनिटांवर येतो.

वेळापत्रक करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मार्चमधली परीक्षा आता फेब्रुवारीपासूनच सुरू होऊ लागली आहे. २०२५ साली महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. त्याआधी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा असतात. इंदूर, बडोदे, दिल्ली किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या आपल्या अनेक वाचकांची मुले सीबीएसईला बसतात. त्यांच्याही परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतात. तेव्हा 'जानेवारीपासून लागू' असे म्हणू नका.

घड्याळाशी ओळख

परीक्षेआधीच्या महिन्यात प्रत्येक विषयाच्या निदान तीन प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून सोडवाव्यात. पलंगावर लोळून नव्हे. टेबल-खुर्ची नसेल तर चटईवर पाट घेऊन, पण एका बैठकीत. मध्ये पाणी प्यायलाही उठायचे नाही.

राज्य मंडळाच्या ८० गुणांच्या पेपराला तीन तास असतात. शेवटची पंधरा-वीस मिनिटे तपासणीसाठी ठेवली तर एका गुणाला साधारण दोन मिनिटे मिळतात. म्हणजे चार गुणांच्या उत्तराला आठ मिनिटे. ते लिहायला पंधरा लागत असतील, तर आपण कोणाच्या तरी पोटातले गुण काढून इथे घालतो आहोत हे समजा. गणित आणि विज्ञानाच्या ४० गुणांच्या भागांना दोन तास मिळतात, तिथे थोडी जास्त सवड असते. २०२३ पासून राज्य मंडळाने परीक्षेच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली. सीबीएसईत सुरुवातीला पंधरा मिनिटे फक्त प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी असतात. हा वेळ हिशेबात धरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पेपर सोडवून झाला की गुण देऊन मोकळे होऊ नका. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा : आठवले नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली की वेळ पुरला नाही? चारही रोगांची औषधे वेगळी आहेत. आकडेमोडीच्या चुका करणाऱ्या मुलाला पुन्हा धडा वाचायला बसवून काय उपयोग?

झोप म्हणजे आळस नव्हे

तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. रात्री दोनपर्यंत वाचून सकाळी सहाला उठणारा विद्यार्थी स्वतःच पेरलेले उपटून टाकत असतो. पहाटे अभ्यास करायचा तर अवश्य करा, पण मग रात्री साडेनऊला दिवा मालवा. पेपरच्या आदल्या रात्री नवीन धडा उघडू नका. लाल मजकुराचे कागद चाळा, प्रवेशपत्र आणि पेने पिशवीत ठेवा आणि झोपा.

आईवडिलांनी कोणता प्रश्न विचारावा?

पालकांच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. 'किती वेळ बसलास?' हा प्रश्न आजपासून बंद करायचा. मुलाला तासांचाच हिशेब द्यावा लागला, तर ते तास भरत बसते. त्याऐवजी रात्री जेवताना किंवा भांडी आवरताना विचारा, 'आज काय शिकलास? मला सांग बघू.'

त्यासाठी विषय आपल्याला यायला हवा असे मुळीच नाही. सातवी शिकलेली आई किंवा आजीसुद्धा पुस्तक हातात धरून 'हं, पुढे काय?' असे विचारू शकते. उलट आजीला समजेल अशा भाषेत उष्णता किंवा आनुवंशिकता समजावून सांगताना मुलाला स्वतःचेच कच्चे दुवे कळतात. मूल अडखळले तर 'एवढेही येत नाही?' असे म्हणू नका. 'बरे झाले, आजच कळले' असे म्हणा. मावसभावाचे गुण, शेजारच्या मुलीचा क्लास, आपण भरलेली फी, हे तीन विषय परीक्षा संपेपर्यंत घरात निघू नयेत.

भीती वाटतच असेल तर परीक्षेआधी दहा मिनिटे मनात येईल ते कागदावर उतरवून काढण्याचा उपाय करून पाहावा. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ सालच्या प्रयोगात याचा परीक्षेला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना फायदा झाल्याचे दिसले. पण मूल जेवेनासे झाले, झोप उडाली, एकटे राहू लागले किंवा 'मी नसतो तर बरे झाले असते' असे काही बोलले, तर 'परीक्षेचे नाटक' म्हणून सोडून देऊ नका. अभ्यास बाजूला ठेवा, जवळ बसा आणि डॉक्टरांची मदत घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.

मुलांना हेही सांगून ठेवा की दहावीला दार एकच नाही. राज्य मंडळाने २०१५ पासून दहावीच्या निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा सुरू केली, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. सीबीएसईनेही २०२६ च्या परीक्षेपासून दहावीला वर्षात दुसऱ्या संधीची सोय केली. ही माहिती दिल्याने मूल बेफिकीर होत नाही. उलट धाक कमी झाला की आठवण्याचे काम सोपे होते.

ज्यांना वेळ कमी, त्यांच्यासाठी

सगळ्याच घरांत अभ्यासाची वेगळी खोली नसते. कुणी सकाळी दुधाच्या पिशव्या टाकून शाळेत जातो, कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळून स्वयंपाक उरकावा लागतो, कुणाला एसटीच्या प्रवासातच दोन तास लागतात. दहा-दहा तास बसणाऱ्यांच्या गोष्टी ऐकून ही मुले आधीच हार मानतात. त्यांनी तर ही रीत अवश्य धरावी. पुस्तक मिटून आठवायला जागा लागत नाही. एसटीत खिडकीशी बसून सकाळचा धडा मनात म्हणता येतो, भाकरी थापताना आवर्तसारणीचे गण आठवता येतात, दळण आणायला जाताना एक प्रमेय सुटते. घरी आल्यावर पाच मिनिटे पुस्तक उघडून ताडून पाहिले की झाले.

आज रात्रीच करून पाहा. कोणताही एक धडा, एकच मुद्दा. वाचा, पुस्तक मिटा आणि कागद पुढे ओढा. पहिल्या दिवशी चारच ओळी आठवल्या तरी हरकत नाही. त्या चार ओळी तुमच्या स्वतःच्या असतील, आणि परीक्षेच्या खोलीत बरोबर नेता येतात त्या तेवढ्याच.